ओळीबाहेरची माणसे : छायाचित्रांतून दिसणारा उत्तर कोरिया

समोर पडद्यावर शेजारी शेजारी लावलेली ही दोन छायाचित्रे २८ डिसेंबर २०११ ची आहेत. उत्तर कोरियाच्या राजधानीतल्या, प्योंगयांगच्या बर्फाळ रस्त्यावरून देशाचे सर्वोच्च नेते किम जोंग इल यांची अंत्ययात्रा चालली आहे. काळ्या मोटारींची रांग आहे, पुढच्या मोटारीच्या टपावर त्यांचे भव्य हसरे चित्र आहे आणि रस्त्याच्या कडेने माणसांच्या सरळ, घट्ट ओळी उभ्या आहेत. डावीकडचे छायाचित्र जपानच्या क्योदो वृत्तसंस्थेकडून जगापुढे आले, तर उजवीकडचे उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने दिले. दोन्हींमध्ये काही क्षणांचेच अंतर असावे. डावीकडच्या चित्रात ओळीपासून थोडी दूर, बर्फात उभी असलेली मोजकी माणसे दिसतात, आणि ती बहुधा चित्रीकरणाच्या कामावर असावीत. उजवीकडच्या चित्रात ती माणसे नाहीत. त्यांच्या जागी फक्त स्वच्छ बर्फ आहे.

ही खोडाखोड उघडकीस आली तेव्हा तिची पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र तिच्यातली एकच गोष्ट इतकी वर्षे अस्वस्थ करत आली आहे. त्या माणसांमुळे कोणतेही गुपित फुटणार नव्हते. त्यांच्या मागे ना क्षेपणास्त्र होते, ना कोणी निदर्शने करत होते. ती ओळ सोडून उभी होती, एवढाच त्यांचा दोष. ज्या राज्यव्यवस्थेला शोकाच्या चित्रातही पाच-सहा माणसांचा विस्कळीतपणा सहन होत नाही, त्या देशातले रोजचे जगणे शोधायचे, तर ते अशा ओळीबाहेरच्या माणसांतच शोधावे लागेल, असे माझ्या मनाने तेव्हा घेतले. मी स्वतः त्या देशात गेलेलो नाही. छायाचित्रे पाहण्याची सवय असलेला एक माणूस म्हणून मी आज आपल्याशी बोलत आहे.

सुमारे अडीच कोटी लोकांच्या या देशातून छायाचित्रे बाहेर येतात तरी कशी, हे आधी पाहू. सरकारी वृत्तसंस्थेची छायाचित्रे रोज येतात, पण त्यांत प्रामुख्याने नेता असतो आणि त्याच्याभोवती वह्या घेऊन टिपणे काढणारे अधिकारी असतात. दुसरा मार्ग पाहुण्यांचा. परदेशी प्रवाशाबरोबर बहुधा दोन मार्गदर्शक असतात, आणि काय टिपावे व काय टिपू नये हे ते सांगतात. सैनिक, तपासणी नाकी आणि अर्धवट बांधकामे टिपायची नाहीत. मानसू टेकडीवरचे नेत्यांचे पुतळे टिपायचे, तर पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण टिपायचे. त्यांचा हात किंवा पाय चौकटीबाहेर कापला जाता कामा नये. जानेवारी २०१३ पर्यंत तर प्रवाशांचे मोबाइल फोन विमानतळावरच काढून घेतले जात.

त्याच सुमारास एक फट उघडली. अमेरिकेच्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जानेवारी २०१२ मध्ये प्योंगयांगला कार्यालय सुरू केले, आणि तिचे छायाचित्रकार डेव्हिड गटनफेल्डर तेथे वारंवार जाऊ लागले. २०१३ च्या फेब्रुवारीत परदेशी लोकांना मोबाइलवर इंटरनेट मिळू लागले, तेव्हा त्यांनी फोनवर टिपलेली छायाचित्रे तिथूनच इन्स्टाग्रामवर टाकायला सुरुवात केली. मोठ्या कॅमेऱ्याने संचलने आणि पुतळे टिपणारा हा माणूस फोनवर मात्र अगदी साध्या, एरवी बातमीत न बसणाऱ्या वस्तू आणि क्षण टिपत राहिला. माझ्या दृष्टीने त्यांचे हे काम संचलनांच्या छायाचित्रांपेक्षा कितीतरी मोलाचे आहे, कारण संचलन दाखवायचे हे राज्य ठरवते, पण जेवणाच्या टेबलावरची बशी दाखवायची की नाही हे ठरवायचे तेथे कोणाला सुचले नसावे.

आता प्योंगयांगच्या भुयारी रेल्वेची छायाचित्रे पाहू. ही रेल्वे १९७३ साली सुरू झाली. ती जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल आहे, आणि स्थानकांत झुंबरे आणि भिंतभर रंगीत चित्रे आहेत. बरीच वर्षे परदेशी पाहुण्यांना तिची दोनच स्थानके दाखवत असत, आणि त्यामुळे प्रवासी म्हणून दिसणारी माणसे मुद्दाम आणून उभी केलेली नट मंडळी आहेत अशी वदंता पसरली. या वदंतेने आपल्या पाहण्याचे फार नुकसान केले आहे. तुम्ही ही छायाचित्रे मोठी करून पाहा. झुंबरांकडे लक्ष देऊ नका, खाली पाहा. फलाटावर काचेच्या चौकटीत लावलेले वर्तमानपत्र वाचताना एक गृहस्थ मान इतकी पुढे काढून उभे आहेत की त्यांचा चष्म्याचा नंबर बदललेला असावा. एक बाई सरकत्या जिन्यावर जड पिशवी दोन पायांच्या मध्ये धरून उभी आहे. डब्यात एक शाळकरी मुलगा गळ्यात लाल रुमाल बांधून झोपला आहे. हे डबेसुद्धा बर्लिनमध्ये वापरून झालेले, १९९० च्या दशकाच्या अखेरीस विकत घेतलेले आहेत, आणि काही डब्यांच्या काचांवर बर्लिनच्या पोरांनी कोरलेले ओरखडे तसेच राहून गेलेले प्रवाशांनी पाहिले आहेत. झोपेचे सोंग आणता येते हे मला मान्य आहे. पण गाडीच्या हिसक्याने कलंडलेली मान आणि उघडे राहिलेले तोंड यांची तालीम कोणी घेत नाही.

शहराबाहेरच्या चित्रांत सर्वांत जास्त दिसते ते चालणे. प्योंगयांगहून दक्षिण सीमेजवळच्या केसोंग शहराकडे जाणाऱ्या रुंद महामार्गावर वाहने जवळजवळ नाहीत, आणि कडेने माणसे चालत आहेत, सायकलीवर पोती लादून नेत आहेत, कोठे बैलगाडी आहे, तर कोठे पाठीमागे लाकूड जाळून त्याच्या वायूवर चालणारा, धूर ओकणारा ट्रक आहे. मे-जूनमध्ये भाताची लावणी करायला विद्यार्थी आणि कचेऱ्यांतले लोकही शेतात पाठवले जातात, तेव्हा गुडघाभर चिखलात वाकलेल्या पाठींची रांग दिसते. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला ती पाठ ओळखायला भाषांतर लागणार नाही. नोव्हेंबरमध्ये कोबीच्या ढिगांनी भरलेले ट्रक दिसतात, कारण तेव्हा घरोघरी हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे, घालायची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात लोणची-पापडांचे दिवस येतात, तेव्हा शेजारणी एकमेकींकडे जातात. तिकडेही किमची एकटीने घालायची नसते. २०१५ साली युनेस्कोने उत्तर कोरियातील या परंपरेची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

याच्या अगदी उलट टोकाला असलेले एक छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले असेल. जानेवारी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून ते रात्री टिपले गेले. चीन आणि दक्षिण कोरिया दिव्यांनी झळाळत आहेत, आणि त्यांच्या मधला उत्तर कोरिया समुद्रासारखाच काळा आहे. प्योंगयांगचा तेवढा एक ठिपका. छायाचित्र खरे आहे, विजेची टंचाईही खरी आहे. पण ते इतके गाजले की पुढे काही पाहायची गरज उरली नाही, असे अनेकांना वाटू लागले. मी त्याच्या शेजारी नेहमी दुसऱ्या प्रकारची छायाचित्रे ठेवतो, गेल्या काही वर्षांत पाहुण्यांनी बसच्या खिडकीतून टिपलेली. त्यांत इमारतींच्या सज्जांवर वहीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या सौर पट्ट्या टांगलेल्या दिसतात, कधी कुंडीशेजारी, कधी वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. अंतराळातून न दिसणारा एक दिवा त्या पट्टीवर घरात लागत असणार. त्याच्या उजेडात कोणी अभ्यास करत असेल, कोणी भांडी विसळत असेल. चारशे किलोमीटर उंचीवरून काळोख दिसतो, आणि तो काळोख कोणी कसा निभावला हे सज्जावरून दिसते.

येथे एका अवघड गोष्टीबद्दल बोलले पाहिजे. १९९० च्या दशकात त्या देशात भीषण दुष्काळ पडला, रेशनव्यवस्था कोसळली आणि लाखो माणसे मेली. त्यातूनच लोकांनी स्वतःचे बाजार उभे केले, आणि ते बाजार आजही पाहुण्यांना सहसा टिपू दिले जात नाहीत. म्हणून काही छायाचित्रकारांनी मनाई मोडली. फ्रान्सचे एरिक लाफोर्ग यांनी २००८ ते २०१२ या काळात अनेक वेळा जाऊन छायाचित्रे काढली, आणि पुसून टाकायला सांगितलेली छायाचित्रे प्रसिद्ध केल्यावर त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला नाही. जपानच्या एशियाप्रेसचे इशिमारू जिरो यांनी तर उत्तर कोरियातल्याच लोकांना लपवून चित्रीकरण करायला शिकवले, आणि बाजारातल्या चिखलात बसलेल्या विक्रेत्या व कळकट कपड्यांतली अनाथ मुले त्यातून जगाला दिसली. ही चित्रे पाहिलीच पाहिजेत असे माझे मत आहे, आणि जीव धोक्यात घालून ती टिपणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पाहुण्याच्या कॅमेऱ्याचे तसे नाही. पाहुणा परत येतो. त्याच्याबरोबर फिरलेला मार्गदर्शक तेथेच राहतो. ज्याचा चेहरा ओळखू येतो अशा माणसाची चोरून काढलेली चौकट प्रसिद्ध करताना हा विचार झालाच पाहिजे, आणि बहुतेक वेळा तो झालेला दिसत नाही. शिवाय दैन्याचा शोध घेत फिरणारा कॅमेरासुद्धा एक प्रकारे ओळच लावतो. हसणारी मुलगी दिसली की तो म्हणतो, ही खोटी आहे. प्योंगयांगमधल्या मोरानबोंग टेकडीवर सुटीच्या दिवशी डबे उघडून बसलेली आणि जेवणानंतर नाचायला उठलेली म्हातारी मंडळी त्याला नको असतात. त्या आज्जींचे नाचणे मला खरे वाटते, आणि ते खरे मानल्याने दुष्काळ खोटा ठरत नाही.

या देशाचे सीमेवर बंद झालेले दार आपल्या एका माणसाने फार जवळून पाहिले होते. २७ जुलै १९५३ रोजी उत्तर आणि दक्षिण कोरियातल्या युद्धात युद्धविराम झाला, तेव्हा आपल्या देशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची देखरेख भारतीय सैन्याकडे आली, आणि त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. इकडे जायचे की तिकडे, हे सांगायला एकेक कैदी पुढे येत असे, आणि अनेकांच्या बाबतीत त्या उत्तराबरोबर उरलेले घर कायमचे पलीकडे राहत असे. तेव्हापासून लाखो कोरियन कुटुंबे दोन तुकड्यांत जगत आली आहेत.

म्हणून शेवटी मला अशा छायाचित्रांविषयी बोलायचे आहे, जी मी तुम्हांला दाखवू शकत नाही. उत्तर कोरियातले लोक स्वतः छायाचित्रे काढतात. तेथे लाखो लोकांकडे मोबाइल आहेत, पण सामान्य माणसाच्या फोनवरून जगाच्या इंटरनेटवर जाता येत नाही. नवविवाहित जोडपी पुतळ्यांपुढे उभी राहून छायाचित्र काढून घेतात. बाळाचा पहिला वाढदिवस होतो. साठावा वाढदिवस कोरियात मोठा मानतात, आपल्या षष्ट्यब्दीसारखाच, आणि फळे व मिठाया रचलेल्या टेबलामागे आई-वडिलांना बसवून सगळे घर त्यांच्या भोवती उभे राहते. त्या देशाविषयी आपण पाहिलेले जवळपास सर्व काही बाहेरच्यांनी किंवा राज्याने टिपलेले आहे. घरच्यांनी घरच्यांचे टिपलेले आपण जवळजवळ पाहिलेलेच नाही.

त्यांची एक झलक मात्र मिळाली होती. ऑगस्ट २००० पासून ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या काही भेटी दोन्ही सरकारांनी घडवल्या. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये कुमगांग पर्वतावर झाली. त्या दालनातली वृत्तछायाचित्रे उपलब्ध आहेत. गोल टेबले आहेत, ऐंशी-नव्वदीतले भाऊ-बहीण शेजारी बसले आहेत, आणि टेबलावर दोन्हीकडच्या घरांतून आणलेली छायाचित्रे पसरली आहेत. एक म्हातारा एका छायाचित्रातल्या चेहऱ्यांवर एकेक करून बोट ठेवतो आहे, आणि त्याची बहीण त्या बोटाच्या मागे मागे पाहते आहे.