पटकथेच्या आधीची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. सिनेमाची कथा सुचली की हात आधी संवादांकडे जातो. तो जरा आवरा. आधी ट्रीटमेंट लिहा.

ट्रीटमेंट म्हणजे अख्खा सिनेमा गोष्टीसारखा सलग सांगायचा. सीनचे आकडे नाहीत, संवाद जवळजवळ नाहीत. आणि लिहायचं वर्तमानकाळात. पुन्हा सांगते, वर्तमानकाळात. 'त्यानं दार उघडलं' नाही, 'तो दार उघडतो'. पडद्यावर दिसेल, ऐकू येईल तेवढंच लिहा. 'तिला आईची आठवण येते' हे कॅमेऱ्याला कसं दिसणार? ती आईचा चष्मा पुसते आणि परत डबीत ठेवते, हे दिसतं. आणि हो, दोन पात्रांची नावं एकाच अक्षरानं सुरू करू नका. वाचणारा गोंधळतो. माझा हा जुना आग्रह आहे.

आता माझा लाडका किस्सा. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहर चार देशांच्या फौजांनी वाटून घेतलं होतं. निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांना त्यावर चित्रपट हवा होता. दिग्दर्शक कॅरल रीड, लेखक ग्रॅहम ग्रीन. ग्रीनजवळ काय होतं? कधीकाळी एका पाकिटावर खरडलेली ओळ. आठवड्यापूर्वी ज्या हॅरीला अखेरचा निरोप दिला, तोच लंडनच्या गर्दीत ओळख न दाखवता जवळून निघून गेला. एवढंच! तरीही ग्रीन पटकथेला बसले नाहीत. आधी गोष्ट लिहिल्याशिवाय पटकथा लिहिणं आपल्याला जवळजवळ अशक्य आहे, असं ते म्हणत. माणसांचे स्वभाव, हवेतला ताण हे पटकथेच्या त्रोटक भाषेत पहिल्या फटक्यात सापडत नाही. म्हणून त्यांनी चक्क लघुकादंबरी लिहिली. छापायला नव्हे, पटकथेसाठी.

मग रीडबरोबर वाद झाला तो शेवटावर. गोष्टीत शेवटी हॅरी खरोखरच मरतो, आणि त्याच्या दफनविधीनंतर त्याची प्रेयसी, म्हणजे नायिका, नायकाच्या हातात हात घालते. रीडना हे पटेना. हॅरीला आत्ताच मूठमाती दिलीय आणि लगेच हे? त्यांना हवं होतं, तिनं लांबून एकटीनं चालत यावं. ग्रीनना भीती वेगळीच. ती एवढा रस्ता चालत येईपर्यंत प्रेक्षक उठून जातील!

1949 साली 'द थर्ड मॅन' आला. लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, तो वाट बघत उभा. ती दुरून येते, येत राहते, आणि त्याच्याकडे न बघता पुढे निघून जाते. पुढच्या वर्षी ती गोष्ट पुस्तकरूपानं निघाली, तेव्हा प्रस्तावनेत ग्रीननी मोकळेपणानं कबूल केलं की रीडचंच बरोबर होतं. शेवट गोडच हवा हा हट्ट मला तरी कधी पटलेला नाही.

दोघांना वाद घालता आला, कारण अख्खी गोष्ट कागदावर समोर होती. तुमचीही तशी समोर येऊ द्या. मग ती कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. मोठ्यानं, बरं का. ऐकणारा जिथे चुळबुळ करेल, तिथे समासात पेन्सिलीनं खूण करा आणि पुढे वाचत राहा.