फेलिक्सच्या मागचा हात

श्रोतेहो, नमस्कार. डोळ्यांसमोर एक काळंकुळकुळीत मांजर आणा. हात पाठीमागे बांधलेले, मान खाली, आणि नुसत्या येरझारा. काहीतरी मोठी अडचण आलेली आहे. चालता चालता ते थबकतं, स्वतःची शेपटी काढून हातात घेतं आणि तिची काठी करतं, नाहीतर गळ, नाहीतर छत्री. काम झालं की शेपटी पुन्हा जागच्या जागी. डोक्यावर उमटलेलं प्रश्नचिन्हसुद्धा त्याच्या उपयोगी पडतं!

हा फेलिक्स. १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये पॅट सलिव्हन यांच्या स्टुडिओत तो जन्मला, मिकी माऊसच्या नऊ वर्षं आधी. पहिल्या चित्रपटात त्याचं नाव होतं मास्टर टॉम. फेलिक्स हे नाव लवकरच मिळालं आणि तेच टिकलं.

पडद्यावर नाव झळकायचं ते सलिव्हन यांचं. मांजराला हालतं-बोलतं करणारा हात मात्र ओटो मेसमर या त्यांच्या स्टुडिओतल्या चित्रकाराचा होता. बोलतं म्हणजे अर्थात हावभावांनी, कारण काळ मूकपटांचा. मेसमर यांनी त्याआधी चार्ली चॅप्लिनवरची कार्टून्स काढली होती. चार्लीची चाल, खांदे उडवणं, क्षणभर थांबून विचार करणं, हे सगळं त्यांनी बारकाईने टिपलं होतं. तेच पुढे मांजरात उतरलं. काळ्या रंगाचं कारणही साधं आहे. प्रत्येक चित्र हाताने काढायचं, तेव्हा अंग काळं भरून टाकलं की आतल्या कितीतरी रेषा वाचतात, शिवाय पडद्यावर आकृती ठसठशीत दिसते.

आणि हे तर रेडिओवरून सांगायलाच हवं. १९२८ साली अमेरिकेत रेडिओ कॉर्पोरेशनचे इंजिनियर दूरचित्रवाणीचे प्रयोग करत होते. दिव्यांची आच इतकी, की माणसाला तासन्‌तास उभं करणं अशक्य. मग त्यांनी फेलिक्सची कागदी लगद्याची बाहुली फिरत्या तबकडीवर ठेवली. पलीकडे जेमतेम दोन इंचांचं, साठ रेषांचं चित्र उमटलं. गोल गोल फिरणारं मांजर!

त्याच वर्षी मिकी आवाज घेऊन आला. सलिव्हन यांनी बोलपटाकडे वळायला उशीर केला आणि फेलिक्स मागे पडला. १९३३ साली सलिव्हन वारले. मेसमर पुढे टाइम्स स्क्वेअरमधल्या विजेच्या जाहिरातींसाठी दिव्यांची हलती चित्रं करत राहिले. खाली उभं राहून ती बघणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हाच फेलिक्सचा हात आहे?

ऑस्ट्रेलियात आजही काही जण फेलिक्सचं श्रेय त्यांच्या भूमिपुत्राला, सलिव्हन यांनाच देतात. मला मेसमर यांची बाजू पटते, कारण त्यांच्यासोबत काम केलेल्यांनी ती सांगितली आहे. जॉन केनमेकर यांनी १९७७ साली एक माहितीपट केला, तेव्हा मेसमर पंच्याऐंशीच्या घरात होते. त्या माहितीपटाच्या नावात मेसमर आधी येतात, फेलिक्स नंतर.