ताजी हवा आत येते, पण बाहेर कुठून जाते?

मित्रहो, इमारतीच्या नकाशावर पाण्याची लाइन असते, विजेची असते, ड्रेनेजची तर सगळ्यात आधी असते. ताज्या हवेचा डक्ट मात्र बहुतेक वेळा फॉल्स सीलिंगची उंची ठरून गेल्यावर आठवतो आणि तोवर त्याला जागा उरलेली नसते. हवा आत कुठून येणार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वापरलेली हवा बाहेर कुठून जाणार, हे भिंती पक्क्या व्हायच्या आधी ठरलं पाहिजे. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि तीच परत सोडतो. बाहेरची हवा त्यातून येत नाही. म्हणूनच तापमान 24 दाखवत असतं आणि बैठकीतले लोक मात्र जांभया देत असतात.

स्वस्थ बसलेला माणूससुद्धा तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण 420 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 420 भागांच्या, आसपास आहे. माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा दिली, तर आतला आकडा 900च्या थोडा वर स्थिरावतो. निम्मी दिली तर 1400 ओलांडतो. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच 1000ची मर्यादा सुचवली होती. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. माणसांमुळे हवेत आणखी जे काही साचतं, त्याचा अंदाज यावरून येतो, असं त्यांचं म्हणणं. रंग, प्लायवूड, नवं फर्निचर यांतून निघणारी वाफ मात्र या आकड्यात दिसत नाही. म्हणून ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेचं 62.1 हे मानक ऑफिससाठी माणशी सेकंदाला 2.5 लिटर आणि शिवाय दर चौरस मीटरला 0.3 लिटर अशी दुहेरी मोजणी करतं. ही किमान पातळी आहे. दाटीच्या खोलीत मी तिच्यावर थांबत नाही.

हवा कमी करून वीज वाचवण्याचा प्रयोग जगानं करून पाहिला आहे. 1973च्या तेलसंकटानंतर इमारती घट्ट बंद होऊ लागल्या. 1981 साली याच मानकानं धूम्रपान नसलेल्या ऑफिसात माणशी मिनिटाला 5 घनफूट हवा पुरेशी मानली. त्या काळात बंद इमारतींतल्या डोकेदुखीच्या, डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी वाढल्या आणि 1989 मध्ये ऑफिससाठी तो आकडा 20वर न्यावा लागला.

पण हवा वाढवली की खर्च वाढतो, हेही खरंच. किती, ते पाहू. खोलीत 40 माणसं, म्हणजे सेकंदाला 400 लिटर ताजी हवा. बाहेर 35 अंश आणि 60 टक्के आर्द्रता, आत 25 अंश आणि 50 टक्के. एवढी हवा आतल्या स्थितीला आणायला साधारण 18 किलोवॉट थंडावा लागतो, म्हणजे एसीच्या भाषेत 5 टन. आता त्याची फोड करा. निव्वळ उष्णतेचा वाटा जेमतेम पाव, बाकी सगळा बाष्पाचा! तासाला 19 लिटरच्या आसपास पाणी त्या हवेतून काढावं लागतं. म्हणून दमट हवेत, बाहेर जाणाऱ्या गार हवेच्या जोरावर येणाऱ्या हवेची फक्त उष्णता कमी करणारं यंत्र बसवलं, तर 18 पैकी साडेतीन किलोवॉट हाती लागतात. उष्णता आणि बाष्प दोन्ही हाताळणारं ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) 70 टक्के क्षमतेचं असेल, तर साडेबाराच्या आसपास. यंत्र निवडताना हा फरक पाहिलाच पाहिजे.

ईआरव्हीचं चाक जवळून पाहा. ॲल्युमिनियमची पातळ पन्नी नागमोडी घडवून गुंडाळलेली असते आणि तिच्यावर बाष्प शोषणारा लेप असतो, सिलिका जेलचा किंवा मॉलिक्युलर सीव्हचा. चाकाचा अर्धा भाग बाहेर जाणाऱ्या हवेत, अर्धा आत येणाऱ्या हवेत. चाक फिरत राहतं आणि येणाऱ्या हवेतली उष्णता आणि बाष्प जाणाऱ्या कोरड्या, गार हवेला देऊन टाकतं. त्याला वेगळा थंडावा लागत नाही, फक्त पंखे आणि एक छोटी मोटर.

म्हणजे हे यंत्र जगतं ते जाणाऱ्या हवेवर, आणि गोची नेमकी इथेच होते. 400 लिटर आत घेतले आणि परत आले फक्त 200, कारण उरलेले टॉयलेटच्या पंख्यांतून आणि दारांच्या फटींतून निघून गेले. मग कॅटलॉगात काहीही छापलेलं असो, निम्म्याहून जास्त ऊर्जा परत मिळणं शक्यच नाही. स्वयंपाकघराची तेलकट हवा तर या चाकातून न्यायचीच नाही. टॉयलेटचीही शक्यतो नको, कारण चाकातून थोडी हवा पलीकडे गळते. म्हणून बेरीज-वजाबाकी आधी कागदावर मांडा: किती आत, किती टॉयलेटमधून बाहेर, आतला दाब किंचित जास्त राहावा म्हणून किती सोडायची, आणि यंत्राकडे परत किती. खोलीचं दार बंद असताना हवा पॅसेजमध्ये कशी येणार, त्यासाठी ग्रिल कुठे, हेही त्याच कागदावर.

हवा घेण्याची जाळी पार्किंग, जनरेटरचं धुराडं, कूलिंग टॉवर आणि स्वतःचाच एक्झॉस्ट यांच्यापासून लांब हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी जागा कमी पडली की पहिली तडजोड तिथेच होते. ती करू देऊ नका. बाहेरचं हवामान छान असेल तेव्हा चाकाला वळसा घालून हवा थेट आत घेण्याची सोयही मागून घ्या.

शेवटचं काम इमारत ताब्यात घेतानाचं. प्रत्येक ग्रिलवर हवा मोजून घ्या, येणारीही आणि जाणारीही, आणि ते आकडे नकाशावर लिहून ठेवायला सांगा. आणि फिल्टर काढायची झडप उघडून बघा. सीलिंगमध्ये हात जात नसेल, तर तो फिल्टर कुणीही बदलणार नाही. वर्षभरात तो धुळीनं बुजेल आणि मोजून घेतलेले सगळे आकडे खोटे पडतील.