तीन पांढरे दिवे

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या मराठवाड्यात जत्रेच्या फडात उतरलेल्या पैलवानाचे मोडलेले कान पाहूनच लोक त्याची जोड ठरवीत असत. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांना १९६९ साली महाराष्ट्र केसरी आणि १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद हा मान मिळाला, तो भरल्या मैदानात, लोकांच्या डोळ्यांदेखत. आता नाव मोबाइलवर होते आणि तिथे पंच नसतो. तिथे पंच नसतो, हेच मला आज सांगायचे आहे.

पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे वजन उचलण्याच्या स्पर्धेत, तीन पंच असतात आणि त्यांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले, तरच वजन उचलले असे धरतात. लातूरकडच्या एका स्पर्धेत मी निवेदनाला बसलो होतो. रीलमध्ये २२० किलोची स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर दांडा घेऊन बैठक, मारणारा एक तरुण आला, तेव्हा त्याच्यासोबत फोटो काढायला मुलांची झुंबड उडाली. दांड्यावर वजने चढवणारे जुने वस्ताद मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, या पोराच्या रीलमध्ये दांडा वाकतच नाही बगा." खऱ्या वजनाने दांडा टोकांना लवतो, पोकळ प्लेटांनी लवत नाही.

तरुणाने १७५ किलो मागितले : दांडा २०, प्लेट घट्ट धरणाऱ्या दोन कॉलर मिळून ५ आणि दोन्ही बाजूंना पंचवीसच्या तीन-तीन लाल प्लेट. पहिल्या खेपेला तो पुरेसा खाली बसलाच नाही. मांडीचा सांधा गुडघ्याच्या खाली जावा लागतो. तीन लाल दिवे. दुसऱ्या खेपेलाही तीन लाल दिवे. तिसऱ्या खेपेला तो खाली बसला, पण उठेना, तेव्हा वस्तादांनीच मागून त्याला सावरले. तिन्ही प्रयत्न गेले की स्पर्धक बाद होतो. त्याच्या मित्रांनी चित्रीकरण केव्हाच थांबवले होते.

जिममध्ये कानठळ्या बसवणारी गाणी कशाला लावतात, हे मला आजवर उमगलेले नाही. तालमीत पैलवानाचा श्वास ऐकूनच वस्तादाला चूक कळते. मोबाइल निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण जवळपास प्रशिक्षक नसलेल्या गावातली मुलगी आपलीच स्क्वॉट त्यावर पाहून सुधारू शकते.

पुढच्या वर्षी तोच तरुण एकटा आला आणि त्याने १४५ किलो मागितले. तीन पांढरे दिवे लागले. ते दिवे चित्रात यावेत, म्हणून त्याने मोबाइल माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता.