दहा वर्षांत चौदा पावसाळे

विषय फळ्यावर लिहिलाय तोच आहे. ग्रेट ब्लास्केट बेट, आयर्लंडच्या केरी काउंटीसमोरचं. 1911 साली तिथं सुमारे 160 माणसं होती. 1953 साली सरकारनं उरलेल्यांना मुख्य भूमीवर हलवलं. पण होडीत बसण्याआधी एक गंमत सांगू द्या.

1901 आणि 1911 च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते शेजारी ठेवा. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं ते फुकट, घरबसल्या वाचायला ठेवलेत. (आपल्याकडे असं काही मागून बघा... जाऊ दे, डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून सांगितलंय.) तर 1901 ला साठीची बाई 1911 ला चौऱ्याहत्तरची झालेली सापडते. दहा वर्षांत चौदा पावसाळे! कारण 1909 च्या जानेवारीपासून सत्तरीच्या गरीब माणसाला आठवड्याला 5 शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागलं. सर्वांची जन्मनोंदणी 1864 पासूनची, मग म्हातारीनं दाखला आणायचा कुठून? आपल्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाला 1 जून लावून दिला, तशी तिथं कामाला आली ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’. 6 जानेवारी 1839 चं ते वादळ आठवतंय ना? मग तू सत्तरीची! बघता बघता गावंच्या गावं ते वादळ आठवून सांगू लागली. आणि अर्ज तपासायला कोण, तर अबकारी खात्याचे साहेब! मी त्या म्हाताऱ्यांना खोटारडं म्हणणार नाही; 1901 चं वय तरी कुणी मोजून लिहिलं होतं?

वय पडताळायला डब्लिनमध्ये 1841 आणि 1851 चे तक्ते काढून बघत. 1922 च्या यादवीत दप्तरखाना जळाला, त्यात त्या तक्त्यांची जवळजवळ राख झाली. पेन्शनसाठी केलेल्या शोधांचे कागद मात्र बरेच वाचले. कित्येक घरांचा माग आज लागतो तो त्या 5 शिलिंगांपायी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, बेट उरकतो.

तक्ते गोळा करणारा पोलीस. भाषेच्या रकान्यात ‘आयरिश’, कागद इंग्रजी; तेव्हा नावांची स्पेलिंगं फार मनावर घेऊ नका. दुसरा तक्ता घराचा: भिंती, छप्पर, खोल्या, पुढच्या खिडक्या. 1910 च्या सुमारास सरकारी मंडळानं बेटावर काही नवी घरं बांधली, ती हुडकायची तर खोल्या-खिडक्या ताडून पाहा. तिसऱ्यात गोठे, डुकरांची आणि कोंबड्यांची खुराडी. पुरुषांपुढे ‘मच्छीमार’ दिसेल. बायकांचा धंद्याचा रकाना पुष्कळदा कोरा, तो बिलकुल खरा मानू नका.

शेवटचं. 1911 ला विवाहितेला नवे प्रश्न होते: लग्नाला किती वर्षं, मुलं किती झाली, हयात किती. विधवांना हे विचारलेलंच नव्हतं. तरी कित्येकींनी आकडे लिहवून घेतले, आणि कारकुनानं नियमावर बोट ठेवून त्यांवर रेघ मारली. रेघ बारीक आहे. खालचे आकडे वाचता येतात.