चकार शब्द

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'मनाचं आरोग्य : स्वतःशी आणि इतरांशी मायेनं वागण्याच्या रीती'. रीती सांगणार आहे, शेवटची वीस मिनिटं त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. पण आधी एका अक्षराविरुद्धची फिर्याद ऐकून घ्या. अक्षर आहे 'च'.

शाळेत आपण त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून पाठ केलं. 'राम'ला 'साठी' लागलं की 'रामासाठी' होतं, पण 'च' लागला तर 'रामच'. ज्याला चिकटतो त्याचं रूप बदलत नाही, असं व्याकरण सांगतं. शब्दाचं नसेल बदलत, माणसाचं बदलतं. 'मुलगी पहिली यावी' म्हणणारी आई आणि 'मुलगी पहिली यायलाच हवी' म्हणणारी आई, निकालाच्या सकाळी दोघींचे चेहरे बघा.

सगळे 'च' वाईट नाहीत, हे सांगून टाकतो; पुढच्या रांगेत मराठीचे शिक्षक बसलेत. 'मीच येतो स्टेशनवर न्यायला' यातला 'च' मायेचा. 'दोनच पोळ्या' यातला डॉक्टरांचा. माझं भांडण आहे ते इच्छेला चिकटून तिचा हुकूम करणाऱ्या 'च'शी.

ही फिर्याद मुळात अल्बर्ट एलिस या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाची. जन्म १९१३, मृत्यू २००७. आधी तो मनोविश्लेषण करायचा, म्हणजे माणसाला कोचावर आडवं करून त्याचं बालपण ऐकत बसायचं. १९५५ मध्ये ते बाजूला ठेवून त्यानं स्वतःची पद्धत सुरू केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, आणि ती इकडे रुजवली कि. मो. फडके यांनी, एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून. तिची मेख एवढीच की आपण पोळतो ते निव्वळ प्रसंगामुळे नाही. त्या प्रसंगाबद्दल मनाशी जे बोलतो त्यानं पोळतो. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ हे कितीतरी शतकं आधी सांगून गेला होता, आणि एलिस ते उघड मान्य करायचा.

आता तो बागेतला किस्सा. माहीत असलेल्यांनी पुन्हा ऐकावा.

एलिस एकोणीस वर्षांचा. मुलींशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. घराजवळ ब्रॉन्क्सचं वनस्पती उद्यान होतं. तिथे जायचा, बाकांकडे बघायचा आणि काहीतरी सबब काढून पुढे चालायला लागायचा. शेवटी त्यानं स्वतःला गृहपाठ दिला. महिनाभर, हवा बरी असेल त्या प्रत्येक दिवशी, बागेत जायचं. बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. ते एक मिनिट महत्त्वाचं. भीतीला जास्त वेळ दिला की ती वकील लावते.

महिन्याअखेरीस आकडा झाला १३०. त्यातल्या ३० जणी काही न बोलता उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी तो बोलला. एक जण पुन्हा भेटायला तयार झाली. ती आली नाही.

हसताय, पण आपल्या घरात एखाद्याचा १३० पैकी शून्य असा निकाल लागला असता तर दोन दिवस चूल पेटली नसती. एलिसनं हिशेब वेगळा मांडला. कुणी ओकलं नाही, कुणी पोलिसाला बोलावलं नाही. ज्या नकाराला तो मरणासारखा भीत होता तो शंभरवर वेळा मिळाला, आणि हा आपला धडधाकट. मुलगी मिळाली नाही, भीती मात्र गेली. (तरुण मंडळींनी हा प्रयोग संभाजी उद्यानात करू नये. ती १९३० च्या दशकातली गोष्ट. अनोळखी बाईला अवघडवण्यात धैर्य नाही.)

पुढे त्यानं लोकांना लाज मोडण्याचे गृहपाठ दिले. केळ्याला रिबीन बांधायची आणि कुत्रं फिरवतात तसं ते रस्त्यानं ओढत न्यायचं. किंवा गाडीत उभं राहून पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्यानं ओरडायचं. मुंबईत हे दुसरं चालणार नाही. तुम्ही 'ठाणे' म्हणून ओरडलात, तर लाज राहिली बाजूला, चार जण विचारतील, 'फास्ट आहे ना?' अट एवढी की कुणाला इजा नको, कायदा मोडायचा नाही आणि नोकरी घालवायची नाही.

तर 'च'. तो एकटा येत नाही, तीन पिल्लं घेऊन येतो. पेठेत खोली घेऊन एमपीएससी करणारा मुलगा घ्या. पूर्वपरीक्षेत दोनदा गेलाय. मनात वाक्य आहे, 'या वेळी निघालीच पाहिजे.' नाही निघाली, तर पहिलं पिल्लू म्हणतं 'भयंकरच झालं'. दुसरं म्हणतं 'मला सहनच होणार नाही'. तिसरं सगळ्यात विषारी, 'मी नालायकच'. तिन्हींत 'च' आहे, ऐकलंत ना? पहिल्यानं चिंता वाढते, दुसऱ्यानं चालढकल, तिसऱ्यानं उदासी.

इथे नेहमी विचारतात, 'च' काढला तर पोरगा अभ्यास करेल का? करेल. 'पास व्हावं असं मला मनापासून वाटतं, त्यासाठी राबेन, पण मी पास व्हायलाच हवं असा जगाचा नियम नाही.' यात इच्छा पहिल्याइतकी तीव्र आहे. गेली ती धमकी. परीक्षेच्या दालनात धमकी डोक्यातली जागा अडवते आणि वाचलेलं आठवत नाही, ते त्यामुळे.

आता कागदावरची रीत. डोक्यात करू नका. डोक्यात वाक्यं धावतात, कागदावर उभी राहतात. पाच रकाने. पहिल्यात प्रसंग, कॅमेऱ्याला दिसेल एवढाच: 'साहेबांनी माझी फाइल परत केली'. 'माझा अपमान केला' हे तिथे नाही, ते दुसऱ्या रकान्यातलं, विचाराचं. तिसऱ्यात भावना आणि वागणं, भावनेला दहापैकी गुण देऊन. चौथ्यात उलटतपासणी, तीन प्रश्न: याला पुरावा काय? 'मला हवं' यावरून 'मिळालंच पाहिजे' कसं निघालं? असं म्हणून माझा फायदा काय होतोय? पाचव्यात नवं वाक्य आणि नवे गुण. आठावरून चारावर आलं तर उत्तम. शून्य मागू नका. फाइल परत आल्यावर वाईट वाटणं निरोगीच आहे. पंधरा मिनिटं पुरतात.

चुका कुठे होतात? राग नऊवर असताना लोक लिहायला बसतात. तेव्हा लिहू नका, चालून या. दुसरी चूक, नवं वाक्य गुळमट लिहिणं: 'सगळं छान होईल.' हे मन मानत नाही, कारण ते खोटं असू शकतं. तिसरी, 'मी उदास व्हायलाच नको' असा नवाच 'च' आणणं. उदासीबद्दल उदास, म्हणजे व्याजावर व्याज. आणि चौथी, घरी जाऊन बायकोला 'तुझा च लागतोय हं' म्हणणं. याचे परिणाम मी सांगत नाही.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे' लिहिलंय. 'दहाच' नाही लिहिलं, आयोजक ऐकत होते म्हणायचे. तर पत्रिकेवरचा विषय.

स्वतःशी माया म्हणजे स्वतःचं कौतुक नव्हे. एलिस स्वाभिमानावरही टीका करायचा, कारण आज दिलेले गुण उद्या काढून घेता येतात. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'गणित चुकलं' हे खरं. त्यावरून 'मी चुकलेला माणूस' निघत नाही. मित्राची तीच चूक झाली असती तर त्याला जे म्हणाला असतात, ते वाक्य लिहा आणि स्वतःला वाचून दाखवा.

हेच इतरांना लावा. 'त्यानं असं वागायला नको होतं' इथे थांबलं तर नाराजी, 'नकोच होतं' म्हटलं की संताप. पण एक सावधगिरी. घरात मारहाण होत असेल तर तिथे विचार नव्हे, प्रसंग बदलायचा. मार खाणाऱ्या बाईला 'दृष्टिकोन बदल' सांगणं हा क्रूरपणा आहे.

कुणी मन मोकळं करत असेल तर 'एवढं काय झालं' आणि 'मन रमव' हे दोन शब्दप्रयोग गिळा. 'मग काय झालं?' विचारा आणि गप्प बसा. सल्ल्याआधी विचारा, 'नुसतं ऐकू, की काही सुचवू?'

कागद पुरत नाही तेव्हा. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदासी, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. लोक दहाव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून सोडतात, नाहीतर तिसऱ्या महिन्यात 'बरं वाटतंय' म्हणून. बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत.

आणि मरणाची भाषा. सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' आलं तर एकटं सोडू नका. शेतघरात फवारणीचं औषध असतं, ते कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी. तीव्र आवेग पुष्कळदा थोडा वेळ टिकतो. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं तर जीव वाचू शकतो. प्रयत्न फसला तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतं, शिक्षेऐवजी उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फोन क्रमांक १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. लिहून घ्या, पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.

प्रश्न चिठ्ठीवर द्या. नाव घालू नका.