काजूच्या बागेत जाताना

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून गावाला येणाऱ्या चाकरमान्यांशी आज मला बोलायचंय.

मागे एका उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या नातवाला घेऊन एक आजी माझ्याकडे आल्या. पोराच्या कानामागे खसखशीएवढा काळा ठिपका होता. "डॉक्टर, ह्यो तीळ काल नाय होतो," आजी म्हणाल्या. भिंगातून पाहिलं, तर तिळाला पाय होते. भोवतीची कातडी मात्र भाजलेली. घरात कुणीतरी उदबत्ती टेकवून पाहिली होती.

ती गोचीड होती. आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा भागात गोचीड म्हटली की माकडताप आठवतो, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा ताप. हा आजार १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडला. २०१६ पासून त्याने दोडामार्गातही माणसं आजारी पाडली. याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजू गोळा करायचा आणि तुमच्या सुट्टीचा. वाळलेल्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, या बारक्या गोचिडी दबा धरून असतात. चावल्या तरी दुखत नाही, म्हणून कळतच नाही.

तेव्हा बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, विजार मोज्यात खोचा. पातेऱ्यावर बसू नका, मुलांना लोळू देऊ नका. उघड्या अंगाला कीटकरोधक मलम लावा. त्यात 'डीट' हे किडे दूर ठेवणारं रसायन आहे का ते वेष्टनावर वाचून घ्या. कर्नाटकात जंगलात जाणाऱ्यांना आरोग्य खातं डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेलं, अंगाला लावायचं कीटकरोधक 'डेपा' तेल देतं. या आजाराने माकडंही मरतात, म्हणून माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

घरी आलात की कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा आणि एकमेकांचं अंग बघा. कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, केसांत. या कामाला आजीसारखी नजर लागते, कारण कालचा तीळ कुठला आणि आजचा कुठला हे तिलाच ठाऊक असतं.

सापडलीच, तर रॉकेल नको, चुना नको, उदबत्ती तर नकोच. डिवचलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून धरा आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढा. नखावर चिरडू नका. मग जागा आणि हात साबणाने धुवा.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली तर बर्फ पुरतो. पण ओठ सुजले, दम लागला तर घरी थांबू नका, थेट इस्पितळ गाठा.

माकडतापाचा ताप गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांनी येतो. एकदम चढतो, डोकं आणि अंग विलक्षण दुखतं. त्यावर नेमकं औषध नाही, पण वेळेवर दाखल झालेल्या रोग्याला सांभाळता येतं. तापाला पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन नको, कारण या आजारात रक्तस्राव होऊ शकतो. आणि हा ताप येईपर्यंत तुम्ही दादर-डोंबिवलीला परतलेले असता. तिथले डॉक्टर आधी डेंगी शोधतील, ते साहजिकच आहे. म्हणून त्यांनी विचारायची वाट न बघता तुम्हीच सांगा: डॉक्टर, आठवडाभरापूर्वी मी दोडामार्गला काजूच्या बागेत होतो.